तण फुलायच्या आधी ओळखा: मुळापासून पात्यापर्यंत

सोयाबीनमध्ये क्विझालोफॉपसारखे गवतवर्गीय, म्हणजे फक्त गवते मारणारे, तणनाशक फवारले. आठ-दहा दिवसांत सावा, पाखड पिवळे पडले, पण लव्हाळा होता तसा ताठ उभा राहिला आणि मोकळी जागा मिळताच केना आणखी पसरला. अशा वेळी दोष औषधाला किंवा दुकानदाराला दिला जातो. खरे कारण वेगळे असते. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नाही. केना रुंद पानाचा असला तरी माठ-कुर्डूच्या वर्गातला नाही. 'अरुंद पान म्हणजे गवत, रुंद पान म्हणजे रुंदपानी तण' हा अंदाज इथेच फसतो, आणि पुढचा सगळा खर्च त्या अंदाजावर होतो.

फुलावर आलेले तण कुणालाही ओळखता येते. पण तेव्हा त्याने पिकाचे खत-पाणी खाल्लेले असते आणि बी धरायला घेतलेले असते. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तण सोसत नाही. तणनाशकेही बहुतेक तणे २ ते ४ पानांवर असतानाच नीट लागू पडतात. त्यामुळे ओळख व्हायला हवी ती पेरणीनंतर आठव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान, रोप बोटभर असताना.

उपटण्याची रीत

साहित्य थोडेच लागते: खुरपे, पाण्याची बादली, पांढरा कागद आणि दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात जवळून फोटो काढून तो मोठा करून बघावा.

तण हाताने ओढू नका. ओढले की ते जमिनीलगत तुटते आणि ज्या भागावरून निर्णय घ्यायचा तो जमिनीतच राहतो. वाफसा असताना रोपापासून चार बोटे लांब खुरपे घालून १०-१५ सेंमी खोलीपर्यंतचा ढेकूळ उचलावा, बादलीत दहा मिनिटे भिजू द्यावा आणि माती आपोआप सुटू द्यावी. मग रोप कागदावर ठेवावे. काळ्या जमिनीत हे काम कोरड्यात होत नाही, मुळे तुटतातच.

पहिला प्रश्न एकच: हे रोप बियातून आले आहे की जमिनीतल्या जुन्या खोडातून, गाठीतून? बियातून आलेल्या रोपाला मुळाच्या सुरुवातीशी बियाचे टरफल किंवा दाण्याचा अवशेष सापडतो, नाहीतर बियातली पहिली दोन पाने (दलपत्रे) अजून अंगावर असतात. जुन्या भागातून आलेला कोंब सुरुवातीपासूनच जाड आणि जोमदार असतो. त्याला दलपत्रे नसतात आणि खाली आडवा पांढरा धागा, कांडे किंवा गाठ असते. वरून दोन्ही सारखेच हिरवे दिसतात, पण एक कोळप्याच्या एका पाळीने मरते आणि दुसरे त्याच पाळीने वाढते.

बोटांत फिरवून पाहा

रोपाचा बुडखा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गवताचा बुडखा गोल किंवा चपटा लागतो. लव्हाळ्याच्या कुळातल्या तणाचा बुडखा तिकोनी, म्हणजे फिरवताना तीन कडा बोटाला जाणवतात. वरून पाहिले तर गवताची पाने दोन ओळींत समोरासमोरच्या बाजूंना फुटलेली दिसतात, लव्हाळ्याची तीन दिशांना. गवताच्या खोडाला पेरे असतात आणि दोन पेरांमधले कांडे बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याचा दांडा भरीव, बिनपेराचा असतो.

अजून शंका राहिली तर पान खोडाला जिथे गुंडाळलेले असते ते आवरण नखाने सोडवून बघा. गवतात ते बहुधा एका बाजूने उघडे असते, कडा एकमेकींवर येतात आणि सहज सुटतात. लव्हाळ्यात ते बंद नळीसारखे असते आणि फाडल्याशिवाय निघत नाही.

केन्याचे रोप या कसोटीला लावले की त्याचे बिंग फुटते. पान रुंद, अंडाकार, पण शिरा देठापासून टोकाकडे समांतर धावतात. माठाच्या पानासारखे शिरांचे जाळे नसते. पानाचा तळ खोडाला नळीसारखा वेढून असतो आणि त्या नळीच्या तोंडाशी तांबूस केस असतात. म्हणजे केना एकदल आहे, तरी गवत नाही. गवतवर्गीय औषधाला तो दाद देत नाही ते म्हणूनच. त्याचे जीवनचक्र तर याहून पक्के आहे. निळी फुले वर दिसतात, पण बुडाशी जमिनीत पांढरट फांद्या जातात आणि त्यांच्यावर न उमलणारी फुले येऊन तिथेच बी तयार होते. वरची फुले खुडली तरी खालचे बी चालूच राहते. शिवाय पेराजवळून तुटलेला तुकडा ओल्या जमिनीवर पडला की मुळे धरतो. खुरपलेला केना सरीत टाकून देणे म्हणजे त्याची लावण करणेच. तो टोपलीत भरून बांधाबाहेर नेऊन पसरून वाळवावा.

गवतांत गवत ओळखताना: जिभली बघा

गवताचे पाते आणि आवरण जिथे मिळतात तिथे आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा किंवा केसांची कड असते. तिला जिभली म्हणू. काही गवतांत या जोडाच्या दोन्ही बाजूंना छोट्या कानपाळ्याही असतात. पाते हळूच मागे वाकवले की हा भाग दिसतो. फुलोरा यायच्या आधी गवत ओळखायला याहून भरवशाची खूण नाही.

भातात तिचा उपयोग सर्वांत मोठा. भाताच्या रोपाला लांब, टोकाला दुभंगलेली पांढरी जिभली असते आणि केसाळ कानपाळ्या असतात. पाखड आणि बार्डी या सावावर्गीय तणांना जिभलीही नसते आणि कानपाळ्याही नसतात. जोड अगदी साफ, कोरा असतो. रोपवाटिकेत दोन्ही इतकी सारखी दिसतात की पाखडाची रोपे भाताबरोबर उपटली जाऊन मुठीतून थेट चिखलणीत लावली जातात. मुठी बांधताना चार-पाच मुठींमधली रोपे अशी तपासली तर किती भेसळ चालली आहे ते कळते. ऊनाड भाताला मात्र ही कसोटी चालत नाही, कारण तोही भातच आहे. त्याची उंची, कुसळे आणि पिकायच्या आधीच गळणारा दाणा यांवरूनच तो वेगळा पडतो. शेतात तो दिसला तर बियाणे बदलणे एवढाच उपाय हाताशी राहतो.

हरळीशी गोंधळ करणारी गवते बरीच आहेत, कारण बोटांसारखा पसरलेला फुलोरा एकट्या हरळीचा नाही. हरळीची जिभली म्हणजे आखूड पांढऱ्या केसांची बारीक झालर. जमिनीवर धावणारी खोडे आणि जमिनीत आडवी पांढरी कांडी, दोन्ही तिला असतात. नाचणीसारखे दिसणारे रानगवत बुडाशी चपटे आणि पांढरट असते, झुपका जमिनीला घट्ट धरून असतो, पण उपटला की पूर्ण निघतो आणि खाली कांडी नसते. ते वर्षायू आहे, म्हणजे एकाच हंगामात बी देऊन मरणारे, एका खुरपणीत संपते. कावळ्याच्या पायासारखा आखूड चार-पाच बोटांचा फुलोरा आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला उघडा काटा असलेले गवतही हरळी नव्हे, तेही बियावरच जगते. या दोघांना हरळी समजून महागडी फवारणी केलेली बरेचदा दिसते.

ज्वारीच्या शेतात बरू, म्हणजे ज्वारीसारखेच दिसणारे गवत, असेल तर रोप दाण्यासकट उपटावे. ज्वारीच्या मुळाशी टपोऱ्या दाण्याचे टरफल असते. बरूचा दाणा बारीक आणि गडद असतो, आणि जुन्या कांडीतून आलेला असेल तर दाणाच नसतो.

रुंद पानांची रोपे

इथे दलपत्रे आणि त्यांच्यानंतरची पहिली दोन खरी पाने मिळून ओळख पटते. एकट्या दलपत्रांवर विसंबू नये.

माठ आणि काटेमाठ यांची दलपत्रे अरुंद, लांबट, खालून तांबूस असतात आणि पहिल्या खऱ्या पानाच्या टोकाला लहानशी खाच असते. काटेमाठाचे काटे नंतर येतात, पानाच्या बगलेत, जोडीने. कुर्डूच्या पानाला टोकाशी खाच नसते, पान निमुळते होत जाते. घोळीचे सगळेच अंग मांसल असते. दलपत्रेही जाड, गुळगुळीत, लालसर. त्या मांसल अंगातच तिची खोड दडलेली आहे: खुरपून टाकलेली घोळ कित्येक दिवस वाळत नाही, पाऊस आला की पुन्हा मुळे धरते आणि फुलावर असेल तर पडल्यापडल्या बीसुद्धा पिकवते.

टाकळ्याची दलपत्रे मोठी, जवळजवळ गोल, बुडापासून निघणाऱ्या ठळक शिरांची असतात. नंतरच्या संयुक्त पानात तीन जोड्या असतात आणि संध्याकाळी ती मिटतात. शंकेश्वराची दलपत्रे जाड, लांब आणि भाल्याच्या पात्यासारखी असतात. त्याच्या काटेरी फळात दोन बिया असतात. बहुधा एक आधी उगवते आणि दुसरी पुढच्या हंगामासाठी किंवा त्याहूनही नंतरसाठी मागे राहते. म्हणून 'यंदा सगळे उपटले होते' असे म्हणणाऱ्या शेतात पुढच्या वर्षीही तो उगवतोच.

पान किंवा खोड तोडून चीक पाहणे ही झटपट खूण आहे. पांढरा चीक आला तर बहुधा दुधीच्या कुळातले तण. त्यात पाने समोरासमोर, खोड तांबूस केसाळ आणि झाड जमिनीलगत असेल तर लहान दुधी. सरळ वाढणारी, खालची पाने एकाआड एक आणि शेंड्याशी गुच्छाने असतील तर मोठी दुधी, जी सोयाबीनमध्ये त्रास देते. तिची तीन कप्प्यांची फळे वाळली की फुटून बी लांब उडते. पिवळा चीक म्हणजे पिवळा धोतरा. तो रब्बीचा. रोपपणी जमिनीलगत चक्राकार पसरतो, पाने निळसर हिरवी आणि शिरा पांढऱ्या असतात. त्याचे बी मोहरीत मिसळले तर तेल विषारी होते, म्हणून मोहरीच्या शेतात त्याला फुलू देऊ नये. पान चुरगाळल्यावर रस काळा पडला तर माका, ओलाव्याच्या जागचा. चीक तपासताना हात डोळ्यांना लावू नये.

जमिनीखालचा हिशेब

लव्हाळा, हरळी, कुंदा आणि चांदवेल ही चार बारमाही तणे वर्षायू तणांपेक्षा वेगळ्या हिशेबाने चालतात. तो हिशेब खाली असतो.

लव्हाळ्यापासून सुरुवात करू. वर दिसणाऱ्या झुपक्याच्या बुडाशी एक फुगीर कंद असतो. त्यातून बारीक धागे निघतात, धाग्याच्या टोकाला गाठ होते, गाठीतून पुन्हा धागा आणि पुढची गाठ, अशी माळ तयार होते. माळ अखंड असताना बऱ्याचशा गाठी झोपलेल्या असतात, पुढची गाठ मागच्यांना दबवून ठेवते. रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते, दबाव उठतो आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते. 'रोटाव्हेटर मारल्यावर लव्हाळा दुप्पट झाला' ही तक्रार खरी आहे, आणि तिचे कारण हे. बी हे त्याचे मुख्य साधन नाही, त्यामुळे तुरे छाटून काही साधत नाही.

नवा कोंब वर आल्यावर साधारण महिनाभरात नव्या गाठी धरू लागतात. म्हणून खुरपणीचे अंतर दोन ते तीन आठवड्यांवर जाता कामा नये. प्रत्येक वेळी जुन्या गाठीतला साठा खर्च होतो आणि नवा भरायला वेळ मिळत नाही. दीड-दोन महिन्यांनी एकदा मोठी खुरपणी करणाऱ्या शेतात गाठी वाढतच जातात, मजुरी कितीही घाला. एप्रिल-मेमध्ये कोरडी नांगरट करून गाठी उन्हात उघड्या पाडणे हा दुसरा मार्ग. काम झाले की नाही हे पाहायला दहा-बारा गाठी चाकूने कापा. आतून पांढऱ्या आणि टणक असतील तर जिवंत, तपकिरी आणि सुरकुतलेल्या असतील तर मेलेल्या.

आता सावधगिरी. भातात, ओलीच्या शेतात तिकोनी दांड्याचे, अगदी लव्हाळ्यासारखे दिसणारे आणखी एक तण असते. त्याला खाली फक्त तांबूस झुपकेदार मुळे असतात, गाठ एकही नाही. ते वर्षायू आहे, बी धरायच्या आधी उपटले की संपले. ढेकूळ धुऊन न पाहता दोघांना एकाच पंक्तीला बसवले तर एकावर खर्च वाया जातो आणि दुसऱ्यावर अपुरा पडतो.

हरळीच्या प्रत्येक पेरातून मूळ आणि कोंब फुटू शकतो. पावसाळी ओलीत तिचे तुकडे करणे म्हणजे बेणे कापणे. कोरड्या हंगामात मात्र नांगरटीनंतर वखराच्या पाळीने कांडी वर ओढून, गोळा करून बाहेर काढता येतात. कुंदा भारी काळ्या जमिनीत असतो. त्याची कांडी हरळीपेक्षा जाड आणि कितीतरी खोल असते, साध्या नांगरटीच्या तासाखालीही. चांदवेलीला, म्हणजे हरणखुरीला, बाणाच्या टोकासारखे पान आणि पांढरट-गुलाबी कर्ण्यासारखे फूल असते. मूळ खूप खोल जाते आणि मुळाच्या तुकड्यातूनही कोंब येतो. उसात ती उसावर चढली की काढणे अवघड, म्हणून तिला जमिनीवर असतानाच गाठावे.

गाजर गवताचे वेळापत्रक

वर्षायू तणे साधारण हंगाम पाळतात. कुर्डू, केना, पाखड खरिपाचे. चंदनबटवा, पिवळा धोतरा थंडीचे. चंदनबटव्याच्या कोवळ्या पानावर पिठासारखा पांढरा भुरका असतो, तो बोटाला लागतो. गाजर गवत मात्र हंगाम मानत नाही. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेले. त्याच्या ताज्या बियांना फारशी सुप्तावस्था नसते. ओल मिळाली की उगवण, महिना-दीड महिन्यात फुलोरा, तीन-चार महिन्यांत चक्र पूर्ण आणि वर्षात अनेक पिढ्या. पोसलेल्या एका झाडाला २५ हजारांपर्यंत बिया येतात.

रोपपणी ते जमिनीलगत चक्राकार बसते, पाने खोल कातरलेली. शेवंती किंवा कोथिंबिरीशी गोंधळ होऊ शकतो. पण कोथिंबिरीचा वास त्याला नाही, आणि वाढल्यावर खोडावर उभ्या रेघांसारख्या धारा आणि बारीक लव दिसते. पांढरे फूल म्हणजे मुळात पुष्पगुच्छ: कडेला पाच किरणपुष्पे (पाकळीसारखी दिसणारी छोटी फुले) आणि त्या पाचांचे पाच बी. उपटायचे ते चक्राकार अवस्थेत, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट. विळ्याने कापले तर बुडखा फुटतो आणि एका खोडाची चार खोडे होतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, कारण या झाडाने कातडीला खाज सुटते आणि पुरळ उठतो. तोंडावर रुमालही बांधावा.

परजीवी

ज्वारी-उसातला टारफुला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याचे धुळीसारखे बी पिकाच्या मुळातून झिरपणाऱ्या द्रव्यामुळेच उगवते आणि जमिनीखालीच मुळाला चिकटते. ओल असूनही ज्वारी सुकलेली, खुरटलेली दिसली तर ताट हळूच मुळासकट काढून मुळांवर पांढरे कोंब आहेत का ते पाहावे. वर आलेला टारफुला उपटून या पिकाचे नुकसान भरून येत नाही, पण तो बी धरायच्या आधी काढला नाही तर वर्षानुवर्षे जमिनीत टिकणारे बी पडते. लसूणघासातली अमरवेल म्हणजे पिवळे, पान नसलेले धागे. ओढून तोडले तर राहिलेला तुकडा पुन्हा चिकटतो. म्हणून त्या जागचा घास मुळाशी कापून सगळा बाहेर न्यावा आणि जाळावा.

मोजणी आणि मातीची परीक्षा

ओळख पटली तरी कोणते तण किती हे कळल्याशिवाय निर्णय होत नाही. ५० सेंमी बाजूची लोखंडी किंवा बांबूची चौकट घ्या. एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी ती टाका. आतली रोपे चार गटांत मोजा: गवत, लव्हाळा, केना, रुंदपानी. सरासरीला चाराने गुणले की दर चौरस मीटरची संख्या मिळते. बांधालगतची दोन मीटर पट्टी वेगळी मोजा, नाहीतर तिथली गर्दी सगळ्या शेताची वाटते.

पुढच्या खरिपात काय उगवणार याचा अंदाज आधीच घेता येतो. एप्रिलच्या मध्याला एकरातल्या दहा-बारा ठिकाणांहून वरच्या १० सेंमी थराची मिळून पाचेक किलो माती घ्या, ढेकळे फोडा, खडे काढा, भोके असलेल्या ट्रेमध्ये ३-४ सेंमी जाडीने पसरा आणि हलक्या सावलीत रोज ओली ठेवा. दर आठवड्याला उगवलेली रोपे ओळखून, मोजून उपटा. तीन आठवड्यांनी माती हलवून पुन्हा ओली करा, कारण खालचे बी उजेडात आल्याशिवाय उगवत नाही. सहा-सात आठवडे पुरेत. या परीक्षेला दोन मर्यादा आहेत. रब्बीची तणे उन्हाळ्यात उगवत नाहीत, आणि लव्हाळ्याच्या खोल गाठी या मातीत येतच नाहीत. त्यासाठी फावड्याने ३० सेंमी खोल खड्डा वेगळा घेऊन बघावा.

ओळख पटलीच नाही तर नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी आपल्या भागाच्या कृषी विद्यापीठात न्यावा. फुलाचा नुसता फोटो पाठवून उपयोग होत नाही. धुतलेल्या मुळासकट पूर्ण रोप, पाते-आवरणाचा जोड जवळून, आणि असेल तर फुलोरा, असे तीन फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. झाड द्यायचे असेल तर वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये वजनाखाली दाबा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. सोबत पीक, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि आधी काय फवारले ते लिहून द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले तण दुसऱ्या दिवशी कुजते आणि त्यातली जिभली काही कुणाला दिसत नाही.